पाटीच्या अलीकडे उभी आहे मी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर भंगार म्हणाल, आणि ते अगदीच खोटे नाही. मी बर्फावर धावणारी एक जुनी स्नोमोबाइल. आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. उत्तर युरोपात रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या या गावात मी रिस्टिनबाईंची गाडी म्हणून ओळखली जाते. गावाला लागूनच राखीव रान आहे. तिथे हौसेने गाडी फिरवायला सक्त मनाई, तशी पाटीच लावली आहे. परवाना मिळतो तो फक्त रेनडिअर पाळणाऱ्यांना, तोही कामापुरता. त्या परवान्याचा पिवळा बिल्ला मी बावीस हिवाळे नाकावर मिरवला.

माझे सुटे भाग कारखान्यात जोडले गेले, पण मी जगू लागले ती त्या रानातल्या वरच्या पठारावर. तिथे बाई माझे इंजिन बंद करायच्या आणि अशी शांतता पसरायची की मला तिची चटकच लागली. एवढ्या गोंगाट्या गाडीने हे म्हणावे म्हणजे गंमतच!

पुढे बाईंचे गुडघे थकले. कळप पुतण्यांकडे गेला, उरलेली दोन जनावरे लांडग्यांनी नेली. तरी आम्ही पठारावर जायचो. बाई कॉफी पीत रिकाम्या उताराकडे बघत बसायच्या. परवान्याची मुदत दरवर्षी वाढत राहिली, कारण तिथला वनरक्षक नीलास त्यांच्या बहिणीचा मुलगा. तुमची रेनडिअर किती, असे विचारणे आमच्याकडे फार असभ्य समजतात. अर्जातला तो रकाना नीलास मुकाट्याने कोरा सोडायचा.

यंदा वरच्या कचेरीने कोरा रकाना चालवून घेतला नाही. अर्ज परत आला. नीलास बाईंकडे आला, हवापाण्याचे बोलला, चुलीत उगाच लाकडे सारत बसला.

"तीन कप कॉफी झाली की रे," बाई म्हणाल्या. "आता बोल तरी."

"मावशी, तो एक रकाना..."

"तू विचारू नकोस. तुझ्या आईने वळण लावलंय तुला. मीच सांगते. एकही नाही."

तो खाली मान घालून म्हणाला, "एक लिहितो ना. कोण मोजायला येतंय?"

"आणि उद्या कुणी हौशी गाडी घेऊन आला, तर त्याला कुठल्या तोंडाने अडवशील?"

बाई बाहेर आल्या. उघड्या तळव्याने ऊब देत त्यांनी माझा गोठून चिकटलेला बिल्ला सोडवला आणि भाच्याच्या हातावर ठेवला. खरे सांगते, मला त्यांचा राग आला. एक खोटा आकडा, आणि पठार माझे राहिले असते.

आता मी रानाच्या पाटीच्या अलीकडे उभी असते. बाई स्कीवरून पहिल्या चढापर्यंत जातात आणि परत येऊन माझ्या सीटवर दम घेतात. काल माझ्यावरचा बर्फ झटकत त्या म्हणाल्या, "रेनडिअरची मादी उभी होती गं, वीस पावलांवर. पिल्लू अजून ओलं होतं. तू असतीस तर पळाली असती."

मित्रांनो, अशी पाटी दिसली की गाडी थांबवा. मला ते पिल्लू पाहायची फार ओढ आहे. तरी मी इथेच उभी आहे.