पाण्याखालची वस्ती

आम्ही दोघे भाऊ मॉडेलं करतो. जमीन माझी, पाणी धाकट्याचं. मी प्लास्टरच्या टेकड्या, गल्ल्या, घरं उभी करायची, किनाऱ्याच्या कडेने मेणाचा बांध घालायचा आणि मग धाकट्याने त्या बांधापर्यंत रेझिन ओतून समुद्र करायचा. माझे महिने जातात, त्याची एक दुपार. पण बघायला आलेले लोक म्हणतात काय, तर "वा! पाणी काय जिवंत वाटतंय!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. खोटं कशाला बोलू?

संग्रहालयाला आमच्याच किनाऱ्याची दोन मॉडेलं हवी होती. एक जुन्या काळचं, एक आजचं. जुनं करताना मी सुखात होतो. जमीनच जमीन! वाळूच्या टेकड्या, मिठाची कोठारं, लाकडी धक्का आणि खालची वस्ती. त्याच वस्तीत आम्ही जन्मलो. पुढे मोठा धक्का बांधायला टेकड्यांची वाळू उपसली, लाटांना अडवायला काही उरलं नाही आणि समुद्राने एकेक गल्ली गिळली. आम्ही घर सोडलं तेव्हा आईच्या कडेवर अर्थातच धाकटा होता. मी भांड्यांचं पोतं घेऊन मागून चालत होतो.

"आजच्या मॉडेलात खालची वस्ती नको हं," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "तिथे आता पाणीच आहे."

म्हणजे माझी जमीन कापायची आणि धाकट्याच्या घशात घालायची! लहानपणी खिडकीजवळची जागा त्याला, आईच्या ताटातला शेवटचा घास त्याला, आता हेही? मी बाईंपुढे मान डोलावली आणि कारखान्यात येऊन अख्खी वस्ती केली. वेगळ्या फळीवर केली. जाळी वाळवायचं पटांगण, विहीर, आमचं घर, त्याच्या मागच्या दाराची मोडकी पायरीसुद्धा. फळी ठोकळ्यांवर बसवली आणि बांध घातला तो तिच्या पुढे, जुन्या किनाऱ्यावर. आता ओत म्हटलं, किती ओततोस ते.

धाकटा आला आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. आता हा बाईंकडे चुगली करणार, असं मला वाटलं. मी भांडायला कंबर कसूनच उभा होतो. पण तो एवढंच म्हणाला, "दादा, तू जेवून घे जा. मी बघतो इथलं." मी परत आलो तोवर मॉडेलावर कापड पडलं होतं. रेझिन वाळेपर्यंत ते उचलायचं नाही, हा आमचा नियम. मला तेही सोसावं लागलं.

उद्घाटनाला कापड निघालं आणि सगळी गर्दी एकाच कोपऱ्यात लोटली. धाकट्याने ठोकळे काढून वस्तीची फळी खाली बसवली होती, बांध मागे घेतला होता. बाकीचा समुद्र निळा, पण वस्तीवर त्याने बिनरंगाचं, काचेसारखं स्वच्छ पाणी ओतलं होतं. लोक वाकून वाकून माझ्या गल्ल्यांतून फिरत होते. बाई तर हरखून गेल्या. "हे आम्हाला सुचलंच नव्हतं हो," त्या धाकट्याला म्हणाल्या.

आई पाण्यावर बोट ठेवून उभी होती. "हे बघ, आपलं घर. मागची पायरीपण आहे!" तिने डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "माझ्या धाकट्याने बघा कसं जपलंय सगळं."

पायरी माझी होती! मी तोंड उघडणारच होतो. पण धाकटा आधी बोलला. "आई, घर दादाने बांधलंय. मी नुसतं पाणी ओतलं."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी वर्षांनी माझ्या गालावरून हात फिरवला. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण तो मला मिळाला त्याच्या हातून. खरं बोलण्याचा मोठेपणाही त्यानेच मिळवला.

मग जिना उतरताना आईने आधाराला हात धरला, तो धाकट्याचा. मी तिची पिशवी घेऊन मागून चालत होतो.