लोहाराच्या कोझुबांचा क्रूस

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची. त्या सुमारास अमेरिकेतल्या पोलिश लोकांना आपले पूर्वज एकाएकी आठवू लागले होते. उन्हाळा लागला की त्यांच्या भाड्याच्या मोटारी पोलंडमधल्या ओल्शांका गावात शिरत. गळ्यात कॅमेरे अडकवलेली गलेलठ्ठ माणसं खाली उतरत आणि कुणाच्याही कोंबड्या बघून डोळे पुसत.

"ऐंशी वर्षांत कबरीवर एक दिवा लावला नाही, आणि आता बघा," आपोलोनिया कोझुब कुंपणाआडून म्हणायची. "खिशात कांदा घेऊन येतात की काय मेले!"

ओल्शांकात निम्मं गाव कोझुब. तिथे माणूस ओळखायचा तो घरावरून. चर्चजवळचे ते लोहाराचे कोझुब, पाण्यापलीकडचे ते ओढ्यावरचे कोझुब. गावातलं शेंबडं पोरही यात चुकत नसे. चुकायला शिकागोचा माणूस हवा, आणि त्याला चुकवायला बोलेकसारखा भाचा.

बोलेक हा आपोलोनियाच्या भावाचा मुलगा. ग्रीसमध्ये संत्री तोडता तोडता तो इंग्रजी शिकला होता आणि आता अमेरिकेला बोलावणं यावं म्हणून झुरत होता. जूनमध्ये त्याने शिकागोच्या रेमंड कोझुब नावाच्या पाहुण्याला थेट आत्याच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. पाहुण्याने बटाट्याच्या पिरोग्या, म्हणजे उकडलेल्या करंज्या, तीनदा वाढून घेतल्या आणि पणजोबांची आठवण सांगितली. पणजोबा वोयचेख दर रविवारी बूट हातात घेऊन, ओंडक्यावरून ओढा ओलांडून चर्चला जात.

बोलेकने ते पोलिशमध्ये सांगताच आपोलोनियाने पळी खाली ठेवली. "अरे, मग हा ओढ्यावरचा! आम्ही चर्चच्या भिंतीला लागून राहतो, आम्हाला ओंडका कशाला? त्या वोयचेखने गाय विकली आणि म्हाताऱ्या आईला टाकून पळाला. ती बिचारी शेवटी माझ्या आजीच्या दारात सूप मागायला यायची. सांग त्याला."

बोलेक इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. रेमंड उठला आणि त्याने आपोलोनियाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"काय सांगितलंस रे?"

"तू म्हणालीस तेच, आत्या."

"आईला टाकल्याचं ऐकून कुणी मुके घेतं का, गाढवा?"

पुढे सप्टेंबरात आलुबुखाराच्या झाडावरून पडून तिने मांडीचं हाड मोडून घेतलं आणि शहरातल्या दवाखान्यात जाऊन पडली. तिथे तिला एकच घोर होता. सर्व संतांचा दिवस, कबरींवर दिवे लावायची नोव्हेंबरची पहिली तारीख, तिने जन्मात कधी चुकवली नव्हती. आईची कबर, त्यावर वडिलांनी आपल्या हाताने ठोकून बनवलेला लोखंडी क्रूस. पुढे वडीलही तिथेच गेले. तिसरी जागा तिची होती. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. स्वतःची म्हणावी अशी या जगात तेवढीच जमीन.

ती कुबडीवर घरी आली ती आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी शेवंतीची कुंडी आणि काचेतले दिवे घेऊन स्मशानात गेली. आईच्या कबरीवर काळ्या दगडाची चकचकीत शिळा बसवलेली होती. तिच्यावर मिशीवाल्या वोयचेखचा चेहरा कोरलेला. क्रूसाचा पत्ता नव्हता. समोर रेमंड रडत होता, त्याची बायको त्याचं रडणं व्हिडिओत घेत होती. बोलेक टोपी हातात धरून मान खाली घालून उभा. नवा सूट होता अंगावर.

त्या दिवशी स्मशानात कुणी आवाज चढवत नाही. आपोलोनिया हळूच म्हणाली, "आजी-आजोबा विकलेस होय रे? गिऱ्हाईक चांगलं मिळालं?"

"आत्या, अगं तो परत जाईल. नंतर आपण बघू. माझे अमेरिकेचे कागद होऊ देत."

"क्रूस कुठाय?"

"त्याला आवडला. दिवाणखान्यात लावणार म्हणतो. गाडीत आहे."

आपोलोनिया पुढे झाली. कुबडी शिळेवर टेकवून तिने रेमंडची बाही धरली. मिशीवाल्याकडे बोट दाखवून मान हलवली: नाही. मग बोट खाली मातीकडे नेलं. "मामा," ती म्हणाली. "ताता." आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

आई आणि बाबा, एवढी पोलिश तर शिकागोतही बोलतात. रेमंडचं रडणं थांबलं. त्याने बोलेककडे पाहिलं, आणि बोलेकने आपल्या बुटांकडे. आजूबाजूच्या कबरींवरचं सगळं गाव आता दिवे लावायचं सोडून इकडेच बघत होतं.

रेमंडने इंग्रजीत काहीतरी विचारलं. या वेळी बोलेकला खरं सांगावं लागलं. "आत्या, तो विचारतोय, मग त्याची माणसं कुठे आहेत?"

आपोलोनियाने कुंपणाजवळच्या कोपऱ्याकडे हात केला. "तिथे होती वोयचेखची आई. कुणी फिरकलं नाही, खूण बुजली. आता तिथे शिंप्याची सासू आहे. दिवा लावायचा तर लाव म्हणावं, ती काही भांडायला उठणार नाही."

रेमंड गाडीकडे गेला आणि क्रूस दोन्ही हातांत धरून घेऊन आला. बायकोने कॅमेरा बंद केला.

शिळा बोलेकने दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून कुंपणाला टेकवून ठेवली. अजून ती तिथेच आहे, खाली कुणी नाही. उरलेसुरले दिवे लोक तिच्यापुढे ठेवतात. रेमंड पुन्हा एकदा आला, एकटा, शिंप्याच्या सासूला दिवा लावून गेला. पुढे तो शिकागोतच वारला. त्याआधी बोलेकला मात्र त्या भल्या माणसाने खरंच बोलावणं पाठवलं. तो तिथे छपरं शाकारतो, घर बांधलंय म्हणे, आणि नाताळात फोनवर गावाच्या आठवणीने गहिवरतो. इकडे त्याच्या आईच्या कबरीवर आपोलोनियाच दिवा लावत राहिली, शिव्या घालत घालत. दोन हजार चारच्या हिवाळ्यात ती आईवडिलांपाशी गेली. क्रूस तिच्या डोक्याशी आहे. त्यानंतर बोलेकच्या आईकडे कुणी फिरकलेलं नाही.