हिरवं वर्तुळ

आमच्या व्यायामाच्या हॉलच्या दारावर इस्पितळाने ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली होती. ती मी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात उलटी करून टांगली. माझ्याकडे येतात ते हृदयाचे, दम्याचे, साखरेचे रोगी, आणि ते गप्प झाले की मला धडकी भरते. चालताना, सायकल मारताना माणसाला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला, कमी करायचा. आणि संपवताना एकदम थांबायचं नाही, वेग उतरवत उतरवत थांबायचं, नाहीतर भोवळ येते. एवढंच माझं शास्त्र, बाकीचं पदवीच्या कागदावर आहे. त्यामुळे तळघरात, धुलाईखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या आमच्या हॉलमध्ये रोज सकाळी मंडई भरल्यासारखा कलकलाट असतो.

त्यात सगळ्यात मोठा आवाज घड्याळवाल्या काकांचा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, वय सत्तरीच्या आसपास, जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं एवढंसं दुकान. ट्रेडमिलवर चालायला लागले की गिऱ्हाइकांच्या गोष्टी सुरू.

“घड्याळ पुढे पळतंय म्हणून जो जो माझ्याकडे आला ना पोरी, तो स्वतःच उशिरा उठणारा निघाला. घड्याळ खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.”

मी हसायचे. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

झटका आला तो दुकानातच. मुलगा डबा घेऊन गेला, तर वडील काउंटरवर डोकं टेकून पडलेले. तेव्हापासून दुकानाची किल्ली मुलाच्या खिशात. घरी काकांना पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू द्यायचा नाही असा त्याचा हुकूम. वर त्याने वडिलांच्या मनगटावर एक नव्या तऱ्हेचं घड्याळ बांधलं, नाडी मोजणारं. नाडी हव्या त्या आकड्यापर्यंत चढली की त्यावर हिरवं वर्तुळ उमटतं. मुलाने अट घातली होती, “आठवडाभर रोज हिरवं आलं की किल्ली देतो. नाहीतर महिनाअखेरीला गाळा दुसऱ्याला देऊन टाकू, बाबा. झेपणार नसेल तर कशाला अडवून ठेवायचा?”

हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर मी त्या चिरंजीवांना तिथल्या तिथे धारेवर धरलं असतं. कारण झटक्यानंतर काकांना जी गोळी सुरू होती तिचं कामच नाडीला लगाम घालण्याचं. ती घेणाऱ्याची नाडी कितीही चाललं तरी फारशी चढत नाही, चढू नये म्हणूनच ती देतात. म्हणून तर मी आकड्यांमागे न लागता बोलणं ऐकते. त्या घड्याळाने काकांचं वय तेवढं विचारलं होतं. गोळ्या विचारल्या नव्हत्या.

एका सकाळी मी दम्याच्या मावशींची ऑक्सिजनची नळी सरळ करत होते आणि अचानक जाणवलं की हॉलमध्ये काहीतरी कमी आहे. काकांचा आवाज नव्हता. मी वळून पाहिलं. ते नेहमीच्याच वेगाने चालत होते, पण तोंड मिटलेलं, कपाळ घामाने डबडबलेलं, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद.

“काका, बोला काहीतरी.”

त्यांनी नुसतं मनगट वर केलं. हिरवं वर्तुळ.

मी वेग उतरवला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि नाडीवर बोटं ठेवली. ती नुसती उधळली होती.

“गोळी घेतलीत का सकाळची?”

काका बाहीने कपाळ पुसत राहिले.

“काका, मी तुम्हाला विचारतेय.”

“बंद... केली,” ते धापा टाकत म्हणाले. “चार दिवस झाले. ती घेतली... की हिरवं येत नाही. घड्याळ म्हणतं मी चाललोच नाही. आता बघ... कसं रोज येतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर नव्हे. त्यांच्यावर कशी रागावणार? आयुष्यभर घड्याळ आणि माणूस यांत वाद झाला की त्यांनी माणसाला दोषी धरलं होतं. या वेळी माणूस ते स्वतः होते, एवढाच काय तो फरक. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि तो कोणी घातला तर पोटच्या पोराने.

हृदयाचे डॉक्टर धावत आले असं म्हणायला मला आवडलं असतं. ते दुसऱ्या निरोपाला आले. पण ईसीजी पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ही गोळी अशी मनाने एकदम सोडली की हृदय बेफाम होतं, दुसरा झटका येऊ शकतो. काका थोडक्यात वाचले. त्यांना वरच्या मजल्यावर दाखल केलं, गोळी पुन्हा सुरू केली.

“ही कशासाठी आहे ते त्यांना कोणी समजावलं होतं का?” मी डॉक्टरांना विचारलं.

“घरी जाताना सांगितलं असेल की कोणीतरी.”

कोणीतरी! या कोणीतरीच्या भरवशावर आमची इस्पितळं चालतात.

मुलगा आला तो तणतणतच. मला जिन्यात गाठून म्हणाला, “मॅडम, बाबांनी मला चक्क फसवलं. आता ती किल्ली विसरा म्हणावं. गाळा मी उद्याच देऊन टाकतो.”

“वा! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,” मी म्हणाले. माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार, जाऊ दे. “अट कोणी घातली? घड्याळ कोणी बांधलं? डॉक्टरांना विचारलंत? मला विचारलंत? दुकानात ते स्टुलावर बसून चिमट्याने चाकं उचलतात. तुमच्या घराचे जिने चढायला त्याहून जास्त दम लागतो, आणि तेवढं ते इथे रोज माझ्याशी गप्पा मारत चालतात. त्यांना दुकान झेपतं. झेपत नाही ते तुम्हाला!”

तो कठड्याला धरून उभा राहिला.

“तुम्ही त्यांना काउंटरवर पडलेलं पाहिलंत का?” तो म्हणाला. “मी पाहिलंय. मला वाटलं, गेले.”

माझा राग अर्धा खाली आला, सगळा नाही. “डॉक्टरांनी परवानगी दिली की ते खाली येतील,” मी म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही या. डोळ्यांनी बघा, मग गाळ्याचं काय ते ठरवा.”

तो आला. काका ट्रेडमिलवर चढले, गोळी घेऊन, घड्याळ बांधून. मी वेग हळूहळू त्यांच्या जिने चढण्याच्या दमाइतका वाढवला.

“बोला, काका.”

“काय बोलू?”

“मनात असेल ते.”

त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहत सुरुवात केली. “मनात आहे ते असं, की हा माझा मुलगा मला माझ्याच घरात पाण्याचा ग्लास उचलू देत नाही, पाहुणे आले की माझी तब्येत माझ्यादेखत याला विचारतात आणि हा सांगतो, जसा काही मी कपाटात ठेवलेला चिनी मातीचा कप. अरे, मी आजारी आहे, मेलेलो नाही! दुकानात पडलो म्हणून दुकान वाईट झालं का? त्याच दुकानात मी जगलोही, तुझी आई गेली तेव्हा त्या स्टुलावर बसून मी दिवस काढले, आणि ते तू दुसऱ्याला द्यायला निघालास, मला न विचारता! तुला भीती वाटते, मला कळतं रे. पण भीती तुझी आणि पट्टा माझ्या हाताला, हा कुठला न्याय?”

एक वाक्य तुटलं नाही. श्वास कुठे अडकला नाही. हॉलमधल्या सायकली थांबल्या होत्या, मी हातानेच ‘चालू ठेवा’ म्हणून खुणावलं. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं. काकांनी ते मुलाच्या डोळ्यांपुढे धरलं. ‘तुम्ही अजून सुरुवात केलेली नाही. चला, उठा!’

मुलाने ते वाचलं. मग खिशात हात घालून किल्ली काढली आणि पुढे केली.

“थांब तिथेच,” काका म्हणाले. “एकदम थांबायचं नसतं. पोरी, वेग उतरव.”

मी वेग उतरवत गेले, मुद्दाम सावकाश. तेवढा वेळ मुलगा किल्ली पुढे धरून उभा होता. काका खाली उतरले, किल्ली खिशात टाकली, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सराईत बोटांनी त्याचा पट्टा मुलाच्या मनगटावर आवळला.

“याचं पाठचं झाकण उघडत नाही,” ते म्हणाले. “ज्याच्या पोटात काय आहे ते बघता येत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवला. इतकी वर्षं धंदा करून.”

मुलगा एक पाऊलही हललेला नव्हता. मान खाली घालून नुसता उभा होता, डोळे भरलेले. त्याच्या मनगटावर घड्याळ पुन्हा थरथरलं, आणि आम्हा तिघांच्या देखत त्यावर हिरवं वर्तुळ उमटलं.