काझींच्या उजव्या हाताची जागा

मी इस्लामी कायद्याच्या हनफी पंथाचा जुना हस्तलिखित ग्रंथ बोलतोय. तुर्कस्तानातल्या कास्तामोनूच्या न्यायालयात काझींच्या उजव्या हाताला माझी जागा होती. बुरसाच्या एका लेखनिकानं मला उतरवून काढलं, तेव्हापासून प्रत्येक काझीनं हात धुऊन मगच मला उघडलं. फडताळात शेजारी त्याच कायद्याच्या दुसऱ्या, मालिकी पंथाचा एक ग्रंथ होता. त्याला कुणी विचारत नसे, आणि मला ते फार आवडायचं.

मग महायुद्धाच्या दिवसांत इस्तंबूलहून लग्न-घटस्फोटाच्या नव्या कायद्याची छापील पुस्तिका आली. अंगानं किडकिडीत, शाईचा वासही न गेलेली. आमच्या काझींनी, रासिह एफेंदींनी, तिला माझ्या जागी ठेवलं. माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच आठवड्यात शेफिका आली. तिचा नवरा खेचरं घेऊन येमेनला गेला, तो बेपत्ताच झाला. मागे पोटापुरतं तेवढं ठेवून गेला होता. मागच्या काझींनी चौकशी केली होती, काही कळलं नाही. आता तिला मोकळं व्हायचं होतं. सोबत सासू होती, कद्रिये.

सवयीनं काझींनी आधी मलाच उघडलं. मी सुखावलो. माझ्यात लिहिलं होतं, नवऱ्याच्या वयाची गावातली माणसं आहेत तोवर तोही जिवंत धरावा.

शेफिका म्हणाली, "त्यांच्या वयाचा हलिल न्हावी आहे. चांगला ठणठणीत आहे. मी काय त्याच्या मरणाची वाट बघू?"

काझी हसले नाहीत. त्यांनी मला मिटलं आणि पुस्तिका घेतली. बातमीची आशा सुटली की चार वर्षं थांबायचं, मग बाई मोकळी, असं तिथं होतं. आणि हा नियम सरकारनं उचलला होता माझ्या त्या धूळ खात पडलेल्या शेजाऱ्याकडून. हे मला फारच झोंबलं. वाटलं, आता सासू आडवी येईल आणि पुस्तिकेचं नाक कापलं जाईल. कुठली आई मुलगा गेला असं म्हणू देईल?

"माझा मुलगा मेला असं मी म्हणणार नाही," कद्रिये म्हणाली. "मी आई आहे, मी वाट बघेन. हिला सोडा, काझीसाहेब."

त्या चौकशीला चार वर्षं कधीच उलटली होती. काझींनी निकाल दिला. सासूनं सुनेचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या.

आता मी वरच्या फळीवर कापडात बांधलेला असतो. पुस्तिकेचा हेवा गेलेला नाही, शेजाऱ्याचा तर मुळीच गेलेला नाही. तरी एक मागणं आहे, काझीसाहेब. अशी कुणी बाई दारात आली, तर सवयीनंही हात माझ्याकडे आणू नका. आधी त्या पुस्तिकेलाच घ्या. मला नंतर, सवड झाली तर.