काचेवरचा काळा डाग

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेलो आहे.

कारखान्यात मला चार पंखे बसवले आणि पोटाखाली एक खास कॅमेरा. त्याला उष्णता दिसते. गरम ते पडद्यावर पांढरं, थंड ते काळं. वणवा लागला की मी वर जायचं आणि धुरातून आग कुठे सरकते आहे ते दाखवायचं. त्यावरून खालच्या माणसांना वाट कळायची. काम चांगलं होतं. माझी तक्रार कामाबद्दल नाही, काचेबद्दल आहे.

प्रत्येक वणव्यानंतर कॅमेऱ्याच्या काचेवर काजळी बसायची. आग विझवणाऱ्या पथकाची प्रमुख एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. "काच पुसा रे," असं ती रोज सांगायची. मला उडवणारा ऑपरेटर पाठीमागे तिची नक्कल करायचा. तिचा नवरा पाण्याचा टँकर चालवायचा, तोही हसायचा. पुसत कोणीच नव्हतं. शेवटी काचेवर एक काळा डाग कायमचा बसला आणि सगळ्यांना त्याची सवय झाली.

एका दुपारी अचानक वारा फिरला. पथक डोंगरउतारावरून पळत खाली आलं. ताई आली नाही. बाकीच्यांना पुढे काढता काढता ती मागे राहिली होती. आग तिथून पुढे सरकल्यावर मला वर पाठवलं. पडद्यावर तापलेली जमीन दिसत होती, माणूस कुठेच दिसत नव्हता. मधोमध तेवढा काळा डाग.

"वाढलाय नुसता," असं म्हणून ऑपरेटर मला दुसऱ्या उताराकडे वळवू लागला. तो सगळा डाग काचेवरचा नव्हता. पण मला बोलता येतं कुठे?

"खाली आण त्याला. काच पुस," टँकरवाला म्हणाला.

"भावोजी, बॅटरी संपत आलीय. पुसत बसलो तर तिला शोधायचं कधी?"

"ती रोज सांगत होती. आज एकदा तिचं ऐक."

मी खाली उतरलो. त्याने गळ्यातला रुमाल ओला करून स्वतः काच पुसली. मी पुन्हा वर गेलो. काचेवरची काजळी गेली होती, पण जमिनीवर माणसाच्या लांबीचं काहीतरी काळं, थंड उरलंच होतं.

पथकातल्या प्रत्येकाच्या कमरेला चमकदार पांघरुणाची घडी असते. आगीने गाठलं की ते अंगावर ओढून जमिनीला चिकटून पडायचं. ते बाहेरची आच आत येऊ देत नाही, आणि आतल्या माणसाची ऊब मला दिसू देत नाही.

माणसं माझ्या खालून धावत गेली. ताईचे हात भाजले होते, आवाज बसला होता, पण ती जिवंत होती. काच पुसली म्हणून सापडलीस, असं नवऱ्याने सांगितलं.

"म्हणजे ऐकू येत होतं तर तुम्हाला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांचे कान गेलेत."

पुढे माझा सत्कार झाला, फोटो निघाले. शाबासकी देताना प्रत्येकाने बोट नेमकं काचेवरच ठेवलं. मग नवा ड्रोन आला आणि मी कपाटावर गेलो. टँकरवाला रोज संध्याकाळी नव्याची काच पुसतो. ऑपरेटर आता त्याची नक्कल करतो.

आज टँकरवाला सुट्टीवर आहे. नव्याच्या काचेवर कालची काजळी तशीच आहे, मला इथून दिसते. बाहेर वारा सुटलाय. मित्रांनो, माझं कौतुक राहू द्या. फडकं तिथे खिळ्याला टांगलेलं आहे.