बावीस कुलपांचं ब्लडप्रेशर

मंडळी, कुलपाला ब्लडप्रेशर असतं का? खर्डा गावाच्या पलीकडच्या एका वस्तीत बावीस कुलपांना होतं, आणि सगळ्यांना एकसारखं, एकशेवीस-ऐंशी!

झालं असं. सत्यशीला नगरला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. तिच्या कॉलेजातल्या मॅडम खेड्यातल्या बायांच्या रक्तदाबावर संशोधन करत होत्या. ही पोरगी त्याच वस्तीची, म्हणून त्यांनी तिला सोबत घेतलं. साठ बाया तपासायच्या, फॉर्मवर अंगठा घ्यायचा. शोधनिबंधावर तिचंही नाव छापून येणार होतं.

ती डिसेंबरात वस्तीवर गेली. अडतीस बाया भेटल्या. उरलेल्या बावीस घरांना कुलपं, माणसं दिवाळीलाच कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. वस्तीच्या पोरीला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण साठ म्हणजे साठ, आणि तारीख डोक्यावर आलेली. तिनं एका कुलपाखालच्या ओट्यावर बसूनच फॉर्म भरले आणि लहानपणीच्या विळ्याच्या वणाचा स्वतःचा डावा अंगठा बावीस वेळा उठवला. ती शाई म्हणे साबणानं निघेना, रॉकेलनं निघेना. हिवाळाभर ती पोरगी अंगठा मुठीत लपवून जेवली.

वस्ती निरोगी ठरली. आकडे पाहून वस्तीसाठी ठरलेली तपासणीची गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली.

मार्चात ट्रॅक्टर परतले. सत्यशीला सुट्टीला आली होती. तिची चुलती कडूबाई ट्रॉलीतून उतरताना झोकांडली. सातवा महिना होता. जोडवी सुजेत रुतून बसली होती. डोकं फुटायला आलंय म्हणाली, आणि समोर उभ्या पुतणीला तिनं ओळखलंच नाही. डोळ्यांपुढं नुसतं धुकं!

वस्तीची आशा सेविका राहीबाई परतलेल्या बायांची नोंद घ्यायला फॉर्मांच्या प्रती घेऊन तिथंच उभी होती.

“सत्ये, सतरा नंबर कडूचा. तवा ही उसाच्या फडात हुती. मग तुझ्या अंगठ्यावरचा इळ्याचा वन हिच्या अंगठ्यावर कसा उमटला?”

सत्यशीला पुटपुटली, की ही नुसती पाहणी होती, औषध थोडंच द्यायचं होतं. एखादा आकडा इकडचा तिकडं झाला तर काय बिघडतं.

“घराला कुलूप हाय, एवढं लिवलं असतंस तर मी गाडी फडावर धाडा म्हनून भांडले असते. तू निरोगी लिवलंस. निरोगी मानसाकडं कोन बघतंय, बाई?”

सत्यशीलानं चुलतीच्या दंडाला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा बांधला. एकशेसत्तर-एकशेदहा. तिनं पुन्हा मोजलं. तेवढंच.

नगरच्या वाटेवर अँब्युलन्समध्ये कडूबाईला आकडी आली. तिचा हात धरूनच सत्यशीलानं मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. निबंधावरचं तिचं नाव गेलं. तिनं स्वतःच्या हातानं बावीस फॉर्म खोडले आणि प्रत्येकावर लिहिलं, ‘घराला कुलूप’. तेव्हा कुठं मॅडमना खरा प्रश्न दिसला: सहा-सहा महिने या बायांना तपासतं कोण? येत्या हंगामात गाडी फडावर जाणार आहे.

वाचकहो, जे मोजलं नाही ते मोजलं नाही असंच लिहा. रिकामी चौकट कुणाला तरी शोधायला लावते. खोट्या आकड्यानं भरली, की तिथला माणूसच दिसेनासा होतो.

कडूबाई वाचली. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं बाळ अजून काचेच्या पेटीत आहे, डॉक्टर खात्री देत नाहीत. त्याचं वजन सत्यशीला रोज वहीत लिहिते. काल ते कमी भरलं. तिनं कमीच लिहिलं.