टाच, चवडा

"यादीत माझं नाव कुठं हाय, मॅडम?"

गजराबाईच्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी होती, मांडीवर एक लेकरू होतं. शिवणवर्गाच्या राजेश्वरी मॅडमनी नजर चुकवली. "या खेपेलाही राहिलं हो."

सास्तूरच्या समाजमंदिरात बाया शिवण शिकायच्या. शिकलेल्या तिथंच शाळेचे गणवेश शिवायच्या. भिंतीअलीकडं त्यांची लेकरं गजराबाई सांभाळायची. तिसऱ्या तुकडीत तुम्हाला मशीनवर बसवते, हा मॅडमचा शब्द. त्या शब्दावर तिनं वर्ष काढलं. पलीकडची टकटक ऐकत ती दोरी अशी हलवायची, जणू पायाखाली पायडलच आहे. टाच, चवडा, टाच, चवडा.

"मी घेणारच होते. पण बायांनीच अर्ज दिला." मॅडमनी कागद पुढं केला.

'गजरामावशींना पाळण्यावरच ठेवावे. लेकरं दुसऱ्या कुणाजवळ राहत नाहीत.' खाली सात सह्या.

सकाळी लेकरू सोपवताना बाया वहीत याच सह्या करायच्या. सही दिसली की गजराबाईपुढं लेकरू उभं राहायचं. ही माती खाणारीची. ही पदर धरल्याशिवाय न झोपणाऱ्याची. सगळ्यात वर चैतालीची. बाळंतपणानंतर 'शिवण सोडते' म्हणून ती रडत आली, तेव्हा गजराबाईच म्हणाली होती, "पोर माझ्यापाशी टाक. तू मशीन सोडू नगं."

दुपारी चैताली पोरीला पाजायला आली.

"मावशी, रागावलाव व्हय? तुमच्याबिगर ही ऱ्हातच न्हाय. अन् ह्या वयात मशीन कशाला तुमाला? सावलीत बसायचं, गाणी म्हणायची. राणीवानी हाय की तुमचं!"

"व्हय. राणीच हाय मी. पाळण्याला बांधल्याली."

"तसं न्हवं, मावशी…"

"आदी पाज तिला. कवाची भुकेली हाय."

चैताली मान खाली घालून पाजत राहिली. मग पोर पाळण्यात ठेवून गेली. पलीकडं टकटक सुरू झाली. गजराबाईनं आपलंच जुळवलेलं गाणं धरलं. रोज ती म्हणायची,

नीज माझ्या बाई, आई शिवणाला गेली,
सुईच्या नेढ्यातून उजेड घेऊन आली.

आज पहिली ओळ झाली. दुसरीच्या जागी तिनं पुन्हा पहिलीच म्हटली.

पोर अर्ध्या गाण्यावरच झोपली. अंगठ्यावरची दोरी सैल होऊन गळून पडली, पाळणा थांबला. पाय तेवढा फरशीवर चालत राहिला. टाच, चवडा, टाच, चवडा.